गावात फायबर येतोय, पण सडा फोडून... रूट बदलून घेता येईल का? अनुभव हवेत

सड्यावरचा | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात (नाव देत नाही, गावात आधीच दोन तट पडलेत) शेवटी फायबर (इंटरनेटची केबल) यायचं नक्की झालंय. आनंद आहेच, तो आधी सांगतो. २०२० ला लॉकडाऊनमध्ये माझी पुतणी दहावीला होती, तिला आणि वाडीतल्या अजून चार पोरांना घेऊन मी रोज सकाळी सड्यावर (गावाच्या वरच्या सपाट कातळाच्या माळावर) जायचो कारण रेंज फक्त तिथेच, पाऊस सुरू झाला तरी पोरं छत्री धरून कातळावर बसायची, चप्पल खाली आणि त्यावर वही, आणि मास्तरांचा व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहायचा. त्यामुळे मला इंटरनेट हवंय, कालच हवं होतं.

अडचण रूटची आहे. सर्वेवाले दोन जण बाईकवरून आले, दुपारपर्यंत नकाशा काढून गेले. डांबरी रस्ता वळसा घालून गावात येतो, साधारण ६ किमी. त्यांनी सरळ सड्यावरून लाईन मारलीय, अडीच किमी, मग देवराईच्या कडेने खाली, वहाळ (ओढा) ओलांडून पाखाडीने (दगडी पायवाटेने) वाडीत. फक्कीच्या रेघा पण मारून झाल्यात.

रविवारी मी त्या रेघेवरून चालत गेलो. मधे एके ठिकाणी कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) आहेत आमच्याकडे, फार मोठी नाहीत, दोन मासे, एक पक्षी, आणि एक चौकट ज्यात काय आहे ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही. गुरं चारायला जाणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहेत. फक्की बरोब्बर एका माशाच्या शेपटीवरून गेलीय. मी खराटा घेऊन गेलो होतो, झाडून काढलं, बाटलीतलं पाणी ओतलं तेव्हा रेघ उठून दिसली, शेपटी दोन बोटं खोल कोरलेली आहे आणि तिच्यावर पांढरी पावडर. खूप वाईट वाटलं. मारणाऱ्याने मुद्दाम केलं नसणार, त्याला दिसलीच नाही, गवत वाळून आडवं पडलेलं असतं या दिवसांत.

तर विचारायचंय की रूट बदलून घेता येतो का, कोणाकडे बोलायचं, आणि विरोध न करता, म्हणजे काम न थांबवता हे कसं करायचं? काम थांबलं तर पोरांचं नुकसान, आणि मग ते पाप माझ्या डोक्यावर.

फायबरवाला_चिपळूण | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

दादा मी ९ वर्षं स्प्लायसिंग (केबल जोडायचं काम) करतोय, अर्धा रत्नागिरी जिल्हा पालथा घातलाय, म्हणून लिहितो.

सरळ लाईन का मारतात तर रस्त्याच्या कडेने खणायचं म्हटलं की ज्याचा रस्ता त्याची परवानगी, रस्ता पूर्ववत करायचे पैसे भरा, साइडपट्टी नीट दाबून द्या. सड्यावर विचारणारं कोणी नसतं असं वाटतं त्यांना. नकाशावर अडीच किमी दिसतं, झालं.

पण त्यांना हे सांगा की जमिनीखालची केबल टाकायची नेहमीची खोली १.६५ मीटर आहे. मातीत ती सहज मिळते. जांभ्यात (सड्याच्या कातळात)? ब्रेकर लावा. दिवसभर ब्रेकर चालवून किती मीटर होतात ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मग होतं काय, दोन फूट खणतात, पाइप टाकतात, वरून काँक्रीट ओततात, आणि सड्यावर अडीच किलोमीटर काँक्रीटचा पांढरा पट्टा कायमचा. वर पुन्हा पावसाळ्यात फॉल्ट आला तर सड्यावर गाडी जात नाही, आम्ही मशीन डोक्यावर घेऊन धुक्यातून जायचं. रस्त्याकडेची केबल तुटली तर दोन तासांत जोडतो, सड्यावरची दोन दोन दिवस. हे ठेकेदाराच्या वरच्या इंजिनिअरला सांगा, कातळशिल्प नंतर सांगा. तो आधी ब्रेकरचे तास मोजेल आणि स्वतःच म्हणेल रस्त्याने जाऊया.

चाकरमानी_डोंबिवली | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

राग मानू नका पण मला भीती वाटते. आमच्या गावात (संगमेश्वर तालुका) असाच एक वाद झाला, जागेचा होता, आणि केबल शेजारच्या गावात जाऊन थांबली ती थांबलीच. माझे आईवडील दोघंच असतात तिकडे, बाबांना साखर आहे, डॉक्टर रत्नागिरीला, व्हिडिओवर पाय दाखवता आला असता तर तीन वेळा गाडी करून जावं लागलं नसतं. मी स्वतः कंपनीला विचारून ठेवलंय, नेट असेल तर महिन्यातले वीस दिवस गावातून काम कर म्हणालेत. घर उघडं राहील, आगरात माणूस दिसेल. गावं रिकामी होणं हा पण पर्यावरणाचाच प्रश्न आहे ना, गडगे पडतात, आगरं माजतात, वणवा लागला तर विझवायला माणूस नाही. तर कृपया जे काय कराल ते लवकर करा आणि लेखी हरकत टाकून फाईल अडकवू नका.

सड्यावरचा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

राग कसला, मला पण हीच भीती आहे म्हणून तर हरकतीचा अर्ज न टाकता इथे विचारतोय.

दीपकाडी | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि गेली बारा पावसाळे रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर मुलांना घेऊन जाते. नोव्हेंबरमध्ये सडा बघितला तर सगळ्यांना पडीक वाटतो, सरकारी कागदावर पण पोटखराबा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर या. कातळाच्या भेगेत बोटभर माती असते त्यातून दीपकाडी वर येते, पांढरी शुभ्र फुलं, आणि ही कोकणच्या कातळसड्यांवरच सापडते, जगात दुसरीकडे नाही. ती गेली की गेंद, सीतेची आसवं, कवला असा क्रम लागतो, सप्टेंबरपर्यंत सडा रंग बदलत राहतो.

ही सगळी मंडळी पाण्याच्या पातळ थरावर जगतात. कातळावरून पाणी इंचभर उंचीने पसरत सरकत असतं, खळग्यांत थांबतं. तुम्ही त्यात आडवा चर मारला की तो गटारासारखा काम करतो, वरचं पाणी चरात शिरून एकाच बाजूने धावत सुटतं आणि खालच्या बाजूचे खळगे ऑगस्टमध्येच कोरडे पडतात. खणलेला जांभ्याचा चुरा बाजूला टाकतात तो वेगळाच, त्याखाली जे असतं ते मेलं. आणि फुलांचं सोडा, सड्यात मुरलेलं पाणीच खाली वाडीच्या विहिरीला आणि झऱ्याला येतं. तुमच्या देवराईतला झरा बारमाही असेल तर तो सड्याच्या जिवावर आहे, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा, ते सांगतील.

कातळशिल्पांबद्दल, २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत समावेश झालाय. त्यात उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ आहे. कशेळीचा हत्ती बघितला नसेल तर जरूर बघा, जवळजवळ १८ मीटर लांब आणि त्याच्या अंगात कितीतरी लहान प्राणी कोरलेत. तुमची शिल्पं यादीत नसली तरी त्याच कुळातली आहेत. फोटो काढा, जीपीएस टाका, पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवा. माशाची शेपटी धुऊन घेतलीत ना? फक्की राहू देऊ नका, आणि तारेच्या ब्रशने घासू पण नका, नुसतं पाणी.

देवगडकर | १९ नोव्हेंबर, संध्या. ७:३०

आमच्याकडे पन असाच झाला हा. पयल्यांदा पाण्याचो पाइप टाकूक रस्तो खणल्यानी, तो बुजवल्यानी न बुजवल्यानी तवसर केबलवाले इले, परत तोच रस्तो खणल्यानी. आमका कोणी इचारूकच नाय.

(बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो.) माझी ३०० हापूस कलमं आहेत. मला विचारायचंय की फायबर आला तर टॉवर नको ना? आमच्या बागेच्या वरच्या अंगाला टॉवर झाल्यापासून मोहोर धरतो पण फळ टिकत नाही असं माझं मत झालंय, मधमाश्या पण कमी दिसतात. कोणी याच्यावर खरं काय ते सांगेल का.

दीपकाडी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

काका, टॉवरमुळे आंबा गळतो हे सिद्ध झालेलं नाही, मी तसं म्हणणार नाही. फुलकिडी, तुडतुडे, थंडी पुढे सरकणं, मोहोरावर अवकाळी पाऊस, ही कारणं डोळ्यासमोर आहेत. परागीभवन हापूसमध्ये माश्या पण खूप करतात आणि मोहोरावर जी फवारणी होते तिने त्या मरतात, ती आधी कमी करून बघा. किरणोत्सर्गाच्या बाबतीत सरकारने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केलीय. टॉवरचा मला खटकणारा त्रास वेगळा आहे, डिझेल जनरेटर. धूर, आवाज, आणि तेल बदलताना सांडलेलं ऑइल पावसात खाली बागेत उतरतं.

फायबरवाला_चिपळूण | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ताईंशी सहमत. दूरसंचार खात्याने २०१२ ला सांगितलं होतं की ग्रामीण भागातले निम्मे टॉवर २०१५ पर्यंत हायब्रीड विजेवर आणा, म्हणजे सोलार वगैरे जोडून. आमच्या डोंगरात अजून किती ठिकाणी जनरेटरच धडधडतोय ते जाऊन ऐका.

घरात फायबर आला तरी टॉवर जात नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, पण फरक असा की फायबरला मधल्या वाटेत कुठेच वीज लागत नाही. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला तुमच्या घरातला डबा, मधे वीस किलोमीटरपर्यंत नुसती काच. एका धाग्यातून स्प्लिटर (फाटे पाडणारा डबा) लावून ३२ घरं चालतात आणि स्प्लिटरला पण वीज नको. दहा वाड्यांसाठी डोंगरावर चार टॉवर वाढवण्यापेक्षा हे किती हलकं काम आहे बघा. म्हणून मला या कामाचा अभिमान वाटतो आणि म्हणूनच ते घाणेरडं केलेलं बघवत नाही.

खाडीकाठ | २० नोव्हेंबर, सकाळी ११:१५

मी मंडणगडची. खांबावरून केबल नेली तर खणायचंच नको असं कोणीतरी म्हणेलच म्हणून आधीच लिहिते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे उभा राहिलेला खांब शोधावा लागत होता. माड, पोफळी, सुरू सगळं आडवं, त्यात तारा. कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही, मुंबईतल्या माणसांना आम्ही जिवंत आहोत हे कळायला कोणीतरी बाईकवरून महाडपर्यंत गेल्यावर. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते. म्हणून किनाऱ्यालगत केबल जमिनीखालीच हवी असं माझं ठाम मत आहे. आत, डोंगराच्या कुशीत, झाडीने झाकलेल्या वाड्यांना खांब चालतील.

दुसरं, किनाऱ्यावर जे काय उभं कराल त्याचा दिवा बघा. वेळास, आंजर्ले, आमच्या इथल्या पुळणींवर (वाळूच्या किनाऱ्यांवर) ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं रात्री बाहेर येऊन उजेडाच्या दिशेने समुद्र समजून जातात. पुळणीकडे तोंड केलेला एक हॅलोजन पुरतो त्यांना चुकवायला. आणि मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या पुळणीवर कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावला, प्रथमा नाव ठेवलं तिचं, आणि ती कुठे पोहतेय ते आम्ही घरी बसून बघत होतो. ते बघायला पण नेट लागतंच की. आमच्याकडे होमस्टेवाल्या बायका आहेत, कासव महोत्सवाचं बुकिंग फोनवर येतं, रेंज गेली की पाहुणा गेला.

चाकरमानी_डोंबिवली | २० नोव्हेंबर, दुपारी १:०५

मग सॅटेलाइट इंटरनेट का नको? स्टारलिंकला २०२५ मध्ये परवाना मिळालाय. खणणं नको, खांब नको.

फायबरवाला_चिपळूण | २० नोव्हेंबर, दुपारी २:२०

डोंगराच्या टोकाला पाच घरांचा पाडा असेल तर तेच बरोबर, तिथे पाच घरांसाठी जंगलातून चर मारणं मला पण पटत नाही. पण शंभर-दीडशे घरांच्या गावाला, शाळेला, दवाखान्याला काचच. एकदा नीट टाकली की पंचवीस वर्षं बघायला नको, दोन्ही टोकांची मशीनं बदलली की वेग वाढतो. वर आकाश मोकळं लागतं डिशला, आपल्याकडे फणस-माडाच्या खाली घरं, त्यासाठी लोक झाडं तोडतील ते वेगळंच.

कांदळवन | २० नोव्हेंबर, रात्री ८:५०

धागा वाचतोय. खाडी किंवा खाजण मधे येत असेल त्यांच्यासाठी. मुंबई हायकोर्टाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवनाच्या (खारफुटीच्या) तोडीवर बंदी घातलीय आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलंय. सार्वजनिक प्रकल्पासाठी तोडायची असतील तरी कोर्टात जाऊन परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे "थोड्या चिप्या तोडू, परत वाढतात" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, पांढरी चिप्पी तर २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे. खाडी ओलांडायला बहुतेक ठिकाणी पूल असतोच, पुलाच्या कठड्याला पाइप बांधून केबल नेता येते. ड्रिल मारून खालून न्यायची असेल तर त्या मशीनला बेंटोनाइटचा (एका चिकण मातीचा) चिखल लागतो, तो काम झाल्यावर टँकरमधे भरून न्यायचा असतो. एका ठिकाणी मी तो सरळ खाडीत सोडलेला बघितलाय, भरतीपर्यंत पाणी राखाडी झालं होतं, आणि कालवांच्या दगडांवर नुसता लेप. बायका कालवं काढायला आल्या त्या तशाच परत गेल्या.

माजी_सरपंच | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

सड्यावरचा, तुम्ही विचारलंत कोणाकडे बोलायचं. मी दहा वर्षं पंचायतीत होतो. कामं करताना जे कळलं ते सांगतो.

भारतनेट ही योजना २०११ ची, तेव्हा नाव वेगळं होतं, अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या असं ठरलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी मंजूर केले. त्यात केबल रिंगसारखी फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. म्हणजे पैसा आहे आणि रूट परत आखले जातायत, आत्ता बोललात तर वेळेवर आहे. केबल जमिनीत गेल्यावर बोलून उपयोग नाही.

गावात तीन कागद काढा. एक, लोकजैवविविधता नोंदवही. २००२ च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असायलाच हवी, बहुतेक ठिकाणी नोंदवही कपाटात पडून असते. त्यात देवराई, सडा, झरा यांची नोंद असेल तर तुमचं बोलणं सरकारी कागदाचं होतं. नसेल तर आता करून घ्या, दीपकाडी ताईंसारखं कोणी मदत करेल. दुसरा, जमीन कोणाची ते. देवराई वनखात्याकडे लागली असेल तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) बघा, गावाच्या सोयींसाठी वनजमीन द्यायची तरतूद आहे, त्यात टेलिफोनच्या तारा पण येतात, पण एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ग्रामसभा म्हणजे तुम्हीच. तिसरा कागद जलजीवनच्या (घरोघरी नळाच्या योजनेच्या) पाइपलाइनचा नकाशा. २०१९ ला योजना आली आणि त्यानंतर प्रत्येक वाडीत चर मारून झालेत. तीच खोदलेली जागा परत वापरा. आम्ही आमच्या वेळी पाण्याच्या पाइपबरोबर एक रिकामा डक्ट (केबलसाठीचा पाइप) टाकून घेतला होता, सगळे म्हणाले कशाला, आणि तीन वर्षांनी केबल आली तेव्हा नुसती ओढून घेतली, एक फावडं मारावं लागलं नाही.

आणि हो, खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारायचं सरकारी ॲप आहे, कॉल बिफोर यू डिग, मार्च २०२३ ला सुरू झालं. ठेकेदाराला विचारा वापरलंय का. पाण्याचा पाइप फुटला की बायकांचे हाल होतात, त्याचे नाही.

देवगडकर | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सरपंचांनू, रिकामो डक्ट ही लय भारी गोष्ट सांगलात. आमच्या पंचायतीत आजच जातंय.

सड्यावरचा | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय कारण दोन आठवडे यातच होतो. सविस्तर लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी पंचायतीत गेलो, नोंदवही खरंच कपाटात होती, देवराईची नोंद आहे, सड्याची एक ओळ पण नाही. मग इंजिनिअर साहेबांना फोन करून नुसतं एवढंच म्हटलं की रूट एकदा बरोबर चालूया, चहा आमच्याकडे. आले बिचारे, शनिवारी सकाळी. आम्ही नऊ जण होतो, आमचे गुरव काका, पाणीपुरवठ्याचा पोरगा ज्याला प्रत्येक व्हॉल्व्ह माहीत आहे, दोन बायका बचत गटाच्या, माझी पुतणी.

सड्यावर फायबरवाला दादांनी सांगितलेलं सगळं बोललो, ब्रेकर, काँक्रीट, पावसात गाडी न येणं. साहेब ऐकत होते पण काही बोलत नव्हते. मग पुतणीने माशावर पाणी ओतलं. ते खाली बसले, बोटाने शेपटीची रेघ धरून गेले आणि म्हणाले, "हे मला कोणी सांगितलंच नाही." खरंच कोणी सांगितलं नव्हतं, आमच्यापैकी कोणी नाही. तिथेच त्यांनी मोबाईलवर लाईन पुसली.

देवराईपाशी गुरव काकांनी आत न जाता बाहेरूनच दाखवलं की कुठपर्यंत देवाची हद्द. तिथे किंजळीचं एक झाड आहे, चार माणसांच्या कवेत न मावणारं, सर्वेची खूण त्याच्यापासून हातभर लांब होती. चर गेला असता तर एका अंगाची मुळं गेली असती, आणि मग एखाद्या वादळात ते झाड त्याच अंगाला पडलं असतं, हे गुरव काकांनीच सांगितलं.

ठरलं ते असं. मुख्य केबल रस्त्याने येणार, ६ किमी, पण त्यातलं साधारण ४ किमी पाण्याच्या पाइपच्या जुन्या चराला लागून, तिथे माती भुसभुशीत आहे. घाटाच्या वळणावर डोंगराच्या बाजूला खणायचं नाही, दरीच्या बाजूला पण नाही, तिथे दोनेकशे मीटर खांबावरून. हा मुद्दा बचत गटाच्या ताईंनी मांडला, २०२१ च्या जुलैत तळिये आणि पोसरेला दरडी कोसळल्या तेव्हापासून डोंगराच्या पायथ्याला कोणी टिकाव मारला की त्यांच्या पोटात गोळा येतो. वहाळ खणायचा नाही, साकवाच्या (छोट्या पुलाच्या) बाजूने लोखंडी पाइपातून. पाखाडी उखडायची नाही, वाडीत विजेच्या खांबांवरून बिनधातूची केबल.

एक गोष्ट सोडावी लागली. रस्त्याकडेची दोन काजूची झाडं जातायत, एका म्हातारीची आहेत, तिने हो म्हटलंय पण म्हणताना तिचा चेहरा बघवला नाही. पंचायत तिला कलमं देणार आहे. मला अजून वाटतं की तिथे अजून थोडा विचार करायला हवा होता.

चाकरमानी_डोंबिवली | ७ डिसेंबर, रात्री १०:१०

दादा, मी आधी जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. तीन आठवड्यांत झालं हे. आमच्या गावात कोणी असं चाललंच नाही, भांडण फोनवरच झालं. सुट्टीत गावी जातोय, आमच्या रूटवर बाबांना घेऊन फिरतो, त्यांना प्रत्येक झाड ठाऊक आहे. काजूच्या जागी झाडांखालून ड्रिल मारून नेता येईल का, फायबरवाला?

फायबरवाला_चिपळूण | ७ डिसेंबर, रात्री १०:३५

येईल. माती असेल तर दहा-पंधरा मीटरचं बोअर छोट्या मशीनने होतं, मुळांच्या खालून. सड्यावरचा, साहेबांना उद्याच विचारा, घाटाच्या पलीकडे रस्ता क्रॉस करायला ते मशीन येणारच आहे, तेच दोन तास जास्त थांबेल. चिखल गोळा करून न्यायचा हे लेखी घ्या.

सड्यावरचा | २६ जानेवारी, दुपारी ४:४०

काजू वाचले. म्हातारीने सगळ्यांना उकडीचे मोदक पाठवले, ठेकेदाराच्या पोरांना पण. ती पोरं कुठून कुठून आलेली, रस्त्याकडेला ताडपत्रीखाली राहतात, कोणी त्यांना घरचं जेवण दिलं नव्हतं तोपर्यंत.

आज ग्रामसभेत सडा, झरा आणि कातळशिल्पं नोंदवहीत घातली, दीपकाडी ताई स्वतः आल्या होत्या, खूप आभार. शाळेत केबल पोचली, घरांना अजून महिना लागेल.

पण एक तक्रार आहे. साकवाखाली वहाळात केशरी पाइपचे तुकडे पडलेत, फूट फूट दीड दीड फुटाचे, आणि केबलची सोललेली सालं, काळ्या चिकट जेलने माखलेली. ठेकेदाराला दोनदा सांगितलं. पावसात हे सगळं खाडीत जाणार. जेलला हात लावू दे का पोरांना?

फायबरवाला_चिपळूण | २६ जानेवारी, संध्या. ५:१५

पोरांना जेलला हात लावू देऊ नका, अंगाला लागलं तर निघत नाही आणि तुटलेल्या काचेचे बारीक धागे त्यात असतात, डोळ्याला दिसत नाहीत, बोटात घुसले तर काढता येत नाहीत. पाइपचे तुकडे पोरांनी वेचले तर चालेल. सालं आणि धागे मोठ्या माणसांनी, जाड हातमोजे घालून, झाकणाच्या डब्यात. आणि फोटो काढून साहेबांना पाठवा, शेवटचं बिल निघायच्या आधी. साइट साफ करणं कामातच धरलेलं असतं.

सड्यावरचा | २८ जानेवारी, रात्री ८:००

केलं. पाइपची साडेतीन पोती निघाली, सालांचा एक डबा. फोटो गेले, बिल अडकलंय, काल ठेकेदाराचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि पोती भरून घेऊन गेला. साकवाच्या खालच्या डोहात अजून एक लांब तुकडा अडकलाय दगडात, पाणी कमी झालं की मार्चमध्ये काढतो.